नकाशाच्या पेटीतला लाल

दुकानात रंगाची पेटी हातात आली की मी आजही आधी लाल वडी बघतो. झाकणावर चित्र कसलं आहे, वड्या बारा की अठरा, ब्रश फुकट आहे की नाही, यातलं काही बघत नाही. खिशातून टीपकागदाचा तुकडा काढतो, बोट ओलं करतो, वडीवर फिरवतो आणि कागदावर टेकवतो. दुकानदार ओरडतात. "ओ काका, घ्यायची तर घ्या, उष्टी कशाला करताय?" त्यांचंही बरोबरच आहे. दादरच्या एका दुकानात तर मला आता पेटी हातातच देत नाहीत, काउंटरच्या आतूनच दाखवतात.

ठिपक्याभोवती गुलाबी कडं पसरलं की समजायचं, हा रंग नव्हे, ही शाई. खऱ्या रंगाचे कण असतात. ते पडले तिथे बसतात आणि पाणी एकटं पुढे जातं. शाई पाण्याबरोबर पळते. एवढी साधी गोष्ट. ती शिकायला मी परळच्या एका गल्लीत रंगाच्या कारखान्यात सहा वर्षं काढली आणि माझ्या बहिणीचं आयुष्य घालवलं. उगाच शब्द फिरवत नाही. घालवलं म्हणजे घालवलं.

कारखाना म्हणायची पद्धत होती म्हणून कारखाना. खरं तर रस्त्याला लागून एक लांबट खोली आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये दोन गडी रंग घोटायचे, खोलीत बाया वड्या पेटीत बसवायच्या. शाळेच्या मुलांचे जलरंग करत होतो आम्ही, अगदी स्वस्तातले. खडूची पूड, डिंक, थोडं ग्लिसरीन, आणि रंग चवीपुरता. माझं काम रंग तपासायचं. ड्रॉइंगच्या परीक्षा पास होतो आणि अक्षर चांगलं होतं, म्हणून लेबलांचा मजकूरही मालक माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. मी लिहायचो ते जसंच्या तसं छापखान्यात जायचं.

लेबल ही काय चीज असते ते मी आतून बघितलंय. 'व्हर्मिलियन' लिहायचं, आत हिंगुळाचा कणसुद्धा नाही. 'कोबाल्ट ब्लू' लिहायचं, आत कपड्यांना घालतात ती नीळ आणि खडू. पहिल्यांदा मी मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "अरे, ते छटेचं नाव आहे, मालाचं नाही. गुलाबजाममध्ये गुलाब शोधतोस काय?" मी हसलो. पगार देणाऱ्याच्या विनोदाला माणूस हसतो. शिवाय खरं सांगायचं तर नीळ काही वाईट नाही. ऊन लागलं म्हणून ती उडत नाही. पोरांना आकाश रंगवायला पुरेशी होती.

एका बाबतीत मात्र मालक सुरुवातीला कडक होते. नवीन रंग आला की त्याची उन्हाची पट्टी लावायची. जाड कागदाच्या पट्टीवर रंगाचा हात द्यायचा, वाळला की अर्ध्या पट्टीला काळा कागद गुंडाळायचा आणि ती रस्त्याकडच्या खिडकीत काचेला चिकटवून एकवीस दिवस ठेवायची. बाविसाव्या दिवशी काळा कागद काढायचा. झाकलेला अर्धा आणि उघडा अर्धा सारखे दिसले तर लेबलावर 'पक्का रंग' लिहायचं. फरक दिसला तर नुसतं छटेचं नाव. खिडकी पूर्वेची, सकाळचं ऊन थेट आत यायचं. पट्टी लावायची मी, काढायची मी आणि मागे सही करायची तीही मीच. त्या सहीचा मला केवढा तोरा होता! चाळीत कुणी विचारलं की काय काम करतोस, तर मी सांगायचो, रंग पास करतो.

चाळ आमची लालबागला. आई, ताई आणि मी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तिने शिवणकाम करून मला शिकवलं, आणि मी कमावता झालो तेव्हा तिची तिशी जवळ आली होती. लग्न राहिलं ते राहिलंच. चित्र ती माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं काढायची. हे मी म्हातारपणी मोठेपणा मिळवायला सांगत नाही. माझ्या परीक्षेच्या वेळी माझा हात धरून वेलबुट्टी गिरवून घेतली ती तिनेच. कुणाच्या लुगड्याचा काठ एकदा बघायची आणि दोन दिवसांनी कागदावर उतरवायची, वर त्यातलं एखादं पान आपल्या मनाने वळवून. मूळच्या काठापेक्षा ते वळवलेलं पानच डोळ्यांत भरायचं.

माझं लग्न ठरत आलं होतं. ताईला मुलगी पसंत होती, बघायला तीच गेली होती. पण एकदा धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "तुझी बायको चांगलीच असणार रे. पण तिच्या स्वयंपाकघरात मी कोण म्हणून उभी राहू? मला माझी नोकरी हवी. माझा डबा घेऊन मी सकाळी बाहेर पडले की मग घरात कुणाची अडचण नाही, कुणाची दया नाही." मी म्हटलं, तुला कोण अडचण म्हणतंय? तिने पुढचं लुगडं झटकून दोरीवर टाकलं. इतक्या स्पष्ट बोलण्यावर मी असलं मिळमिळीत उत्तर दिलं, याची मला आजही चीड येते.

त्याच थंडीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर गिरणगाव घरात बसणार होतं होय? मोर्चे, हरताळ, लाठ्या, अश्रुधूर आणि मग गोळ्या. आमच्या मागच्या चाळीतला एक माणूस दूध आणायला म्हणून खाली उतरला तो परत आला नाही. मीही मोर्चात होतो. घसा बसेपर्यंत ओरडलोय, डोळे सुजवून घरी आलोय आणि ताईने डोळ्यांवर ओल्या घड्या ठेवल्यात. त्यातल्या कशाचीही मला लाज नाही. ते सगळं खरं होतं. खोटं होतं ते आमच्या कारखान्याच्या खिडकीत.

झालं असं, की बाहेरचा माल बंदरावर अडायला लागला होता आणि लाल रंग मिळेनासा झाला होता. कुठून तरी मालकांनी एक पत्र्याचा डबा पैदा केला. मी चिमूटभर पाण्यात टाकला आणि पाणी असं लालभडक झालं की घोटणारे गडी काम टाकून बघायला आले. मी टीपकागदावर ठिपका दिला. गुलाबी कडं. मी मालकांना म्हटलं, "शेठ, हा लाल शाईतला रंग आहे. खडूवर चढवला की रंगासारखा दिसेल, पण उन्हात टिकायचा नाही." ते म्हणाले, "कशाला आत्ताच बोलतोस? पट्टी लाव. पट्टी काय म्हणेल ते खरं." मी पट्टी लावली.

पाचच दिवस झाले असतील. मग रस्त्यावर दगड आले, सोडावॉटरच्या बाटल्या आल्या, पोलिसांच्या गाड्या आल्या. मालकांना काचेची काळजी. मी आणि एक गडी, आम्ही दोघांनी मिळून खिडकीला बाहेरून फळ्या ठोकल्या. पट्टी काचेला होती तशीच आत राहिली. मग संचारबंदी. ती उठली तरी कधी काय होईल नेम नव्हता, म्हणून फळ्या तशाच राहिल्या. खोलीत दिवसासुद्धा बल्ब लावून बाया वड्या बसवत होत्या.

एकवीस दिवस झाले तसे मालक म्हणाले, "काढ रे ती पट्टी."

मी म्हटलं, "शेठ, हिने ऊन बघितलंच नाही. फळ्या आहेत ना!"

"एकवीस दिवस झाले की नाही?"

"झाले, पण..."

"मग पण कसला? कॅलेंडर बघ."

काळा कागद काढला. दोन्ही अर्धे लालभडक. उघड्या अर्ध्याच्या कडेला किंचित फिकं आहेसं वाटलं मला. बल्बच्या उजेडात काय कळणार, म्हणून मी ती दारात नेऊन बघू शकत होतो. नेली नाही. मालकांनी तेवढ्यात टेबलावर एक कागद पसरला होता. नव्या पेटीच्या झाकणाचं चित्र. भगव्या रंगात संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा, बेळगाव-कारवार सगळं आत घेतलेला, आणि मुंबईच्या जागी एक लाल ठिपका.

"आजवर कुणा मराठी माणसाने केलंय हे?" ते म्हणाले. "शाळा उघडायच्या आत पोरापोराच्या हातात ही पेटी गेली पाहिजे. परदेशी रंगांचे लाड पुरे. लेबल झकास लिही."

काय सांगू, माझा ऊर भरून आला. डोळे अजून चुरचुरत होते अश्रुधुराने, आणि समोर तो नकाशा. त्या नकाशाच्या आत कच्चा लाल आहे, असं म्हणणं म्हणजे नकाशालाच नावं ठेवल्यासारखं वाटलं मला. अशी अक्कल गहाण टाकायला माणूस त्या वयाचा आणि त्या वर्षांतलाच लागतो. मी पट्टीच्या मागे सही केली. लेबल लिहिलं, 'पक्के रंग. उन्हात न उडणारे. आपल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी केलेले.' शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. मालकांनी पाठ थोपटली.

पेटी काय खपली म्हणता! लोक नाव विचारतच नव्हते, 'नकाशाची पेटी द्या' म्हणायचे. आमच्या चाळीत ज्यांच्या घरी शाळेत जाणारं पोर नव्हतं त्यांनीही घेऊन ठेवली. मी एक घरी आणली. ताईने झाकण उघडून वास घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "लाल बोटाला फार लागतो रे." मी तिला अर्धा तास लेक्चर दिलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला डिलाईल रोडकडच्या एका गिरणीत डिझाइन खात्यात जागा असल्याचं कळलं. तिथले मुख्य डिझायनर म्हणजे गिरगावातल्या जुन्या घराण्यातले गृहस्थ, उकाड्यातसुद्धा कोटाची सगळी बटणं लावणारे, बोलणं अगदी पुण्याच्या वळणाचं. बाईमाणसाला एकटीला गिरणीत पाठवायचं कसं, म्हणून मी ताईबरोबर गेलो. तिच्या वहीची पानं त्यांनी उभ्या उभ्या चाळली आणि मग खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बाई, या खात्यात आजवर बायकांना कुणी घेतलेलं नाही. पण लुगडी नेसतं कोण? काठपदराचे बारा कागद करून आणा."

त्यांच्या खात्याची एक रीत होती. आलेले कागद ते खिडकीसमोरच्या भिंतीवर टाचून ठेवायचे, महिनाभर. महिनाभर रोज डोळ्यांसमोर राहूनही ज्याचा कंटाळा येत नाही तेच कापडावर चढवायला लायक, असं त्यांचं म्हणणं. महिन्याने बडे साहेब येणार, भिंत बघणार आणि माणूस ठरवणार. ताईला हे फार आवडलं. परतताना म्हणाली, "बघू दे की महिनाभर. माझी पानं कंटाळवाणी व्हायची नाहीत." ती इतकी हरखलेली मी आधी कधी बघितली नव्हती.

तिच्याजवळ तिच्या जुन्या ड्रॉइंगच्या बाईंनी दिलेली एक परदेशी पेटी होती. त्यातल्या सगळ्या वड्यांत थोडं थोडं शिल्लक होतं, लाल तेवढा पत्र्याला लागलेला. आणि लाल काठाशिवाय लुगडं कसलं? तिने मला समोर बसवलं.

"खरं सांग. तुझ्या पेटीतला लाल घेऊ? महिनाभर भिंतीवर राहायचाय."

"घे की. लेबल वाच."

"लेबल राहू दे. तुला विचारतेय. पट्टी लावली होतीस?"

"एकवीस दिवस."

"उडाला नाही?"

"जरासुद्धा नाही."

तिने मान हलवली. तरी लगेच लाल उघडला नाही. आधी शिसपेन्सिलने आखणी केली, मग हिरवे, पिवळे भरले, आणि लाल अगदी शेवटी, आठवडाभराने. का थांबली होती ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ऐनवेळी हात कापू नये म्हणून असेल.

ते बारा कागद! चारी बाजूंनी कडेपर्यंत लाल पट्टी, आत कोयरी, रुईफूल, एक काठ नुसत्या चाफ्याच्या कळ्यांचा, आणि एक मासोळीचा, ज्यात प्रत्येक मासोळीची शेपटी पुढच्या मासोळीच्या तोंडाखालून निघत होती. आई म्हणाली, "अगं बाई, यातलं एक तरी मला नेसायला मिळू दे." बारा कागद मी स्वतः गुंडाळीत घालून गिरणीत पोचवले. मुख्य डिझायनरांनी माझ्यादेखत एकेक कागद चार कोपऱ्यांना चार पिना लावून भिंतीवर टाचला. समोर ही भलीमोठी खिडकी. उन्हाळ्याचं ऊन भिंतीवर खालपासून वरपर्यंत चढलं होतं. मला फळ्यांआडची ती पट्टी आठवली. तरी मी साहेबांना नमस्कार करून निघालो. वाटलं, टिकेलही कदाचित. माणूस स्वतःशी असंच बोलतो.

महिना व्हायला दोन दिवस होते तेव्हा निरोप आला, बाईंना घेऊन या.

भिंतीवर बाकी लोकांचे कागद होते आणि त्यांच्यामध्ये ताईचे बारा. हिरवा तसाच, पिवळा तसाच. लाल मात्र गेला होता. काही ठिकाणी धुतल्या मेंदीसारखा डाग आणि काही ठिकाणी नुसता कागद. मासोळ्यांची अंगं गेली होती, हिरवे कल्ले तेवढे हवेत राहिले होते. मुख्य डिझायनरांनी पुढे होऊन एका कोपऱ्यातली पिन काढली. पिनेच्या डोक्याखाली वाटाण्याएवढा गोल राहिला होता, लालभडक, पहिल्या दिवसासारखा.

ते रागावले नव्हते. चांगला माणूस होता तो, आणि म्हणूनच मला ते सगळं जास्त लागतं. ते म्हणाले, "बाई, काम उत्तम आहे. मी महिनाभर बघितलंय, मला कंटाळा आला नाही. रंग कच्चा निघाला असेल तर त्यात तुमचा दोष नाही, तसं मी साहेबांना सांगेन आणि तुम्हाला पुन्हा करायला वेळ मागून घेईन. पण मला कारण कळायला हवं. कुठला रंग हा?"

ताईने पिशवीतून नकाशाची पेटी काढून दिली. त्यांनी झाकण बघितलं, उलटून लेबल वाचलं. "इथे तर पक्का लिहिलंय. मग पेटी खोटी बोलतेय, की तुम्ही यात काही मिसळलंत? शाईबिई?"

"मिसळलं काही नाही," ताई म्हणाली. "आणि पेटीही खोटं बोलणार नाही. लेबल माझ्या भावाने लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच का ते? चाचणी केली होती?"

"एकवीस दिवस," मी म्हटलं.

"उन्हात?"

खोलीत आणखी दोन ड्राफ्ट्समन होते. एकाच्या टेबलावर आमचीच पेटी पडलेली होती, बहुधा त्याच्या पोराची. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही साहेब, खिडकीला फळ्या होत्या, मीच ठोकल्या होत्या. एक वाक्य. पण मग मालकांपर्यंत गेलं असतं, नकाशाची पेटी खोटी म्हणून बोंब झाली असती, ती आम्हा मराठी लोकांच्याच नावाने, आणि रंग पास करणारा मी चाळीत तोंड काय दाखवणार होतो? हे सगळं मनात यायला क्षणभर पुरला. आणि शेजारी ताई उभी होती, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, इतकी तिला माझी खात्री.

"हो," मी म्हटलं. "उन्हात."

मुख्य डिझायनरांनी पेटी ताईच्या हातात परत दिली. "मग बाई, मी साहेबांना काय सांगू? रंग पक्का आणि कागद असे. करण्यातच काहीतरी गफलत झाली असणार. अशा हाताला मी कापडाचं काम कसं देऊ?"

ताई म्हणाली, "बरोबर आहे साहेब." एकेक पिन काढून तिने बाराही कागद स्वतः उतरवले. पिना मोजून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं आणि ताई आमच्या स्वयंपाकघरात राहिली.

महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. त्या दिवशी लालबागला जी रोषणाई होती ती मी डोळे भरून बघितली, पेढेही वाटले. मालकांनी पेटीवर नकाशा होता तसाच ठेवला आणि त्याला सोनेरी किनार दिली. आतला लाल तोच. मग मात्र मी कारखाना सोडला आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. मुलांना पहिल्या तासाला टीपकागदाची परीक्षा शिकवायचो. फार तत्त्वनिष्ठ मास्तर म्हणून माझं नाव होतं. कप्पाळ माझं!

ताईने पुन्हा ब्रश हातात घेतला नाही. कटकट नाही, टोमणा नाही. माझी पोरं तिने वाढवली. बायको वाईट नव्हती, पण दोघींचं एका ओट्याशी जे व्हायचं ते व्हायचंच. कधी भांड्यांचा आवाज वाढला की ताई गॅलरीत येऊन उभी राहायची, आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालायचो. सकाळी डबे घेऊन गिरणीकडे जाणारी माणसं ती वरून बघत असायची.

बऱ्याच वर्षांनी, दोघंही पिकल्यावर, एका दुपारी ती स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. मी कुठल्याशा नव्या रंगपेटीच्या लेबलावरून तणतणत घरी आलो होतो. सगळे चोर आहेत, लेबलावर एक आणि आत एक, वगैरे माझं नेहमीचं. तिने ऐकून घेतलं आणि वाल सोलता सोलताच म्हणाली, "तुला एक सांगू? त्या लालची मीपण पट्टी लावली होती."

"कुठल्या लालची?"

"तुझ्या पेटीतल्या. गिरणीचे कागद रंगवायच्या आधी. तू सांगायचास तशीच, अर्धी झाकून. या खिडकीत." तिने समोरच्या खिडकीकडे हनुवटी केली. "आठ दिवसांत फिकी पडली."

मी उडालोच. "अगं मग वापरलास कशाला तो रंग? मला सांगितलं नाहीस?"

"ओरडू नको, नातवंडं झोपलीत. मला वाटलं, शेगडीचा धूर लागला असेल. स्वयंपाकघराची खिडकी ही, इथे काय टिकतंय? तुझी कारखान्याची खिडकी, काचेची. तुझे एकवीस दिवस, माझे आठ. आणि सही करणारा तू. मी म्हटलं, माझीच पट्टी चुकली असणार."

तिने पाटीतले वाल हाताने सारखे केले.

"आणि मग तिथेही तसंच झालं," ती म्हणाली. "पण डिलाईल रोडला तरी धूर काय कमी होता? गिरणीची चिमणी बरोब्बर समोर. मी नंतर पुष्कळ विचार केला. उन्हाने नाही तो गेला. धुराने गेला." आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या पट्टीत नव्हता ना उडाला?"

आता तर मालकही गेले होते, कारखानाही बंद झाला होता. कुणाला भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. समोर फक्त माझी बहीण होती, आणि तिला एवढंच हवं होतं, की तिच्या हातात खोट नव्हती हे मी सांगावं.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या पट्टीत नव्हता उडाला."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पुढचा वाल उचलला. "धूरच."

त्यानंतर ती चार वर्षं होती. ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली तर तळाशी ते बारा कागद निघाले, गुंडाळी करून, वर दोरा बांधलेला. प्रत्येक कागदाच्या चारही कोपऱ्यांवर तो वाटाण्याएवढा लाल अजून आहे. मी बोट ओलं करून एकदाच त्यावर टेकवलं, आणि बोट लाल झालं.